पहिली दाढी माझी

दादाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी विशीत होतो आणि आमच्या घराण्यातला सगळ्यांत वाईट न्हावी होतो. वय सरलं, दुसरी गोष्ट अजून तशीच आहे. माझ्या हातची हजामत एकदा करून गेलेला माणूस पुढं दाढी वाढवतो, असं दादा गिऱ्हाइकांना सांगायचा. निजामाचं राज्य होतं. शहागंजात आमचं बसायचं एवढंसं दुकान. वकील, कचेरीतले कारकून, सगळे दादाच्या हातासाठी यायचे. तो हात एका सकाळी आंघोळीचा तांब्या उचलता उचलता गळाला.

पाय दोन महिन्यांत चालू लागला. जीभ जराशी जड राहिली. हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवला तिथंच. आम्ही काय केलं? माया केली. वहिनी घास भरवायची, मी गुंड्या लावायचो, पाणी तोंडाशी धरायचो. अर्ध्या औरंगाबादची तोंडं ज्यानं साफ केली, त्याचं तोंड आम्ही पुसायचो. एक दिवस हकीमसाहेब घरी आले, त्यांनी हे बघितलं आणि मलाच झापलं.

"हात उसका मरा नई, तुम लोगां मार रहे. दवा मैं देतूं, काम तुम देव."

त्या दिवसापासून वहिनी पालटली. ज्वारीनं भरलेलं सूप तिनं दादापुढं सरकवलं. खडे वेचायचे, तेही उजव्या हातानं. डावा हात मध्ये आला की ती पळी आपटायची. मग शेंगा फोडणं, ओला पंचा पिळणं, वाटीत साबणाचा फेस करणं. दादा चिडायचा, शेंगा भिरकावायचा. वहिनी त्या गोळा करून पुन्हा पुढं ठेवायची.

शेवटी मडकं आलं. आमच्यात नवशिक्याचा हात मडक्यावर बसवतात. मडक्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं असा काढायचा की खरखर ऐकू येऊ नये. पस्तिशीचा दादा मडकं मांडीत घेऊन बसला. खर्र झालं की डोळे मिटून घ्यायचा. महिनाभरानं एका दुपारी आवाज आलाच नाही. मी आत जाऊन बघितलं. झोपला असेल असं वाटलं होतं, पण वस्तरा चालू होता.

एक गोष्ट परत येईना. बोटांना कळत नव्हतं. चुलीवरच्या पातेल्याला अंगठा टेकला, फोड आला, आणि तो वहिनीनं दाखवला तेव्हा दादाला समजला. वस्तऱ्याची धार न्हावी अंगठ्याला हलकेच लावून बघतो. ती आता वहिनी बघून द्यायची.

"धार तू बघणार, मग न्हावी मी का तू?" दादा म्हणायचा. हसायचं कुणी नाही.

मग एका संध्याकाळी त्यानं सांगून टाकलं. "उद्या माणसाच्या गालावर बघतो. रक्त निघालं तर ही धोकटी विहिरीत टाकीन अन् पिशोरला ताईकडं गुरं वळीन."

धोकटी म्हणजे न्हाव्याची हत्यारांची पिशवी. आमच्या बापाची होती ती. घरात कुणी बोलेना, आणि मला शांतता कधी सोसत नाही.

"पहिली दाढी माझी," मी म्हणालो.

म्हणून तर गेलो, पण रात्री जेवताना हात सारखा गळ्याकडं जायचा. वहिनीनं धार बघून वस्तरा धोकटीत ठेवला. ती भांडी घासायला वळली तसा मी तो काढला आणि मागच्या पायरीच्या दगडावर तीनदा घासला. बोथट वस्तरा कापणार नाही, असं माझं गणित. न्हाव्याच्या पोटी जन्मून असं गणित मांडणारा मी एकटाच असेन. बोथट वस्तऱ्याला जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की तो घसरतो. हे मला आठवलं सकाळी, पाटावर बसून तोंडाला फेस लागल्यावर.

सांगावं, तर दादाच्या हातावर माझा भरवसा नाही हे उघडं पडणार. न सांगावं, तर गळा माझाच. वहिनी दाराला टेकून उभी. दादानं वस्तरा उघडला आणि जुन्या सवयीनं अंगठा धारेला लावला.

अंगठा थांबला. पुन्हा लावला.

"याला कुणी हात लावला?"

"मी रात्री बघून ठेवलाय," वहिनी म्हणाली.

"नाय. बोथट लागतंय."

वहिनीच्याच आधी ध्यानात आलं. "तुम्हाला लागतंय? अंगठ्याला?"

दादा अंगठ्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. डोळ्यांपर्यंत फेस होता, तरी त्यानं ओळखलं. "भावजी!" वहिनी ओरडली. दादानं तिला हातानं थांबवलं. धार लावायची पथरी घेतली, वस्तरा तिच्यावर लावला, मग चामड्याच्या पट्ट्यावर. दोनदा मनगट चुकलं. तिसऱ्यांदा फटफट एका लयीत येऊ लागली. माझा फेस वाळला होता. त्यानं नवा लावला.

डावा गाल झाला. उजवा झाला. ओठावरचं झालं. मी श्वास घेत नव्हतो, वहिनीही घेत नसावी. हनुवटीखाली वस्तरा वळला आणि मला चुरचुरलं.

पांढऱ्या फेसात लाल रेघ उतरली. दादाचा हात हवेत राहिला. त्याची नजर कोपऱ्यातल्या धोकटीकडं गेली.

"हललास का तू?" त्यानं हळूच विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. "शिंक आल्यासारखं झालं."

"न्हाव्याच्या घरचा अन् वस्तऱ्याखाली हलतो? लाज नाय वाटत?" आवाज तोच, दुकानातला. त्यानं उजव्या हातानंच तुरटी उचलली आणि अशी दाबली की डोळ्यांत पाणी आलं. धोकटी विहिरीत गेली नाही. चार दिवसांनी ती खांद्याला लावून तो शहागंजात गेला.

त्या जागी मला अजून केस येत नाहीत. दादा पुढं किती वर्षं गिऱ्हाइकांना माझी हनुवटी वर करून दाखवायचा: हलल्यावर काय होतं ते बघा. मीही मान वर करून द्यायचो. वहिनी तेवढी माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावायची. त्या सकाळी भीतीनं मी असा दगड झालो होतो की मनात आणलं असतं तरी हललो नसतो, हे तिनं दारातून बघितलं होतं.