पाहुण्याला जेवायला घाला

मी शिकलो चौथीपर्यंत, आणि माझा कॉम्प्युटर दहातून अकरात जाणार होता. दहा नि अकरा हे त्याच्या आतल्या सिस्टिमचे नंबर. मुलगी मुंबईहून फोनवर म्हणाली, "बाबा, दहाला आता कोणी विचारत नाही. मी मे महिन्यात येते, तेव्हा करू. तुम्ही एकटे हात लावू नका."

मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. सिस्टिम बदलायला मी घाबरत नव्हतो. त्यात आमची ही जाईल म्हणून घाबरत होतो.

ही तर गेलीच आहे. पण कॉम्प्युटरात थोडी उरली होती, ती कशी ते सांगतो.

काचबिंदूने डोळे गेले तेव्हा मी ट्रकच्या गॅरेजात मेकॅनिक होतो. मग आंधळ्यांच्या वर्गात कॉम्प्युटर शिकलो. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा एक आवाज त्यात असतो. माझा बाप्याचा आहे, सर्दी झाल्यासारखा. सकाळी पेपर वाचायला लागला की ही म्हणायची, "आला तुमचा पाहुणा. चहा घेणार काय विचारा त्याला."

बॅटरी संपत आली की कॉम्प्युटर बारीकसं टुंग करायचा. आमच्या मांडवीला खिडकीतून समुद्राचा वारा सारखा घोंघावतो, मला ते टुंग कळायचं नाही. बातमी अर्धी टाकून पाहुणा गप्प. मी शिव्या घालायचो. म्हणून टुंग काढून तिथे हिचा आवाज बसवायचं ठरलं. माइकसमोर ही लग्नातल्या फोटोला बसल्यासारखी ताठ बसली.

"बोल की गो."

"काय बोलू? मी काय रेडिओवरची बाई आहे?"

उठून चुलीकडे गेली. मी रेकॉर्डिंग बंद केलंच नव्हतं. तिकडूनच ओरडली, "अहो, पाहुण्याला जेवायला घाला, नि तुम्ही पण या." मागे कढईत फोडणी चर्र झाली. तेवढं कापून मी बसवलं. तेव्हापासून बॅटरी उतरली की फोडणीसकट ही हाक मारायची, नि मी वायर लावायचो.

ती गेल्यावरही हाक येत राहिली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, वायरचं भान कोणाला? बुद्धवंदना संपून सगळे गप्प बसलेले असताना ही ओरडली. बायका रडायला लागल्या. मी वायर लावली.

कोणी म्हणेल, फाईल पेन ड्राइव्हवर ठेवायची. ठेवली आहे. पण ती मी दाबली की वाजते. मी दाबलं म्हणून ही कधी बोलली नाही. मी आपल्या तंद्रीत असायचो नि ती तिच्या मनाने बोलायची. नवी सिस्टिम तिला टुंगच्या जागी परत बसू देईल का, कोणास ठाऊक. माझं अडलं होतं ते तिथे.

शेवटी पाहुणाच अडखळायला लागला. पान उघडायचं, तो अर्धी ओळ वाचून मुका व्हायचा. एका दुपारी जेवून बसलो नि करून टाकलं. सगळं उतरवून घेतलं, रीस्टार्टवर एंटर दाबलं, आणि घरात शांतता झाली.

आंधळ्याला जड जाते ती ही वेळ. सिस्टिम बदलत असते तेव्हा बोलणारा आवाजही नसतो. काम चालू आहे का मशीन मेलंय, कळायला मार्ग नाही. मधेच बटण दाबलं तर सगळं मुसळ केरात. पूर्वी ही बाजूला काजूगर सोलत बसायची. इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नव्हतं, पण मान वर करून सांगायची, "निळं आहे. मधे ठिपके फिरतायत, फुगडी घातल्यासारखे." ठिपके फिरतायत म्हणजे बसून राहायचं. मला तेवढं पुरायचं.

मी कॉम्प्युटरवर तळवा ठेवला. गरम लागत होता. आत पंखा बारीक घुमत होता, मधेच थांबत होता, परत घुमत होता. लांब घाटात चढणाऱ्या गाडीचा आवाज असाच येतो. लांज्याहून, हिच्या माहेराहून, परत येताना ही गाडीत माझ्या खांद्यावर झोपायची. काजूच्या चिकाने काळी झालेली तिची बोटं माझ्या हातात असायची. तेव्हा मला डोळे होते, नि मी ती बोटं बघायचो सोडून खिडकीतून बाहेर बघायचो. आता ती बोटं दिसत होती, एकेक. वारा होता, समुद्र होता, पंखा होता, नि कुठला आवाज कुठला ते कळेनासं झालं.

"निळंच आहे अजून," ही म्हणाली.

"ठिपके?"

"फिरतायत. बसा गप."

मी बसलो.

मग पाहुणा खाकरल्यासारखा बोलला. पासवर्ड मागत होता. माझा हात घामाने ओला झालेला, मान अवघडलेली.

पासवर्ड दिला. सगळं होतं तिथे होतं. मी वायर काढली नि पेपर लावला. पाहुणा बाजारभाव वाचत होता, मयतीच्या जाहिराती वाचत होता, आणि मी त्यातलं काहीच ऐकत नव्हतो. उन्हं उतरली, वारा गार झाला.

टुंग.

नवीन टुंग. जुन्यापेक्षा गोड, पण टुंगच.

मी वायर लावली नि तसाच बसून राहिलो. शेजारची बाई दारातून म्हणाली, "काका, दिवा नाय लावलात?" मी म्हटलं, "मला कशाला?" ती गेली.

मग सेटिंगमध्ये गेलो. आवाजांची यादी असते, त्यात बाणाचं बटण दाबत दाबत बॅटरीच्या ओळीवर आलो. पेन ड्राइव्हवरनं हिची फाईल परत तिथे बसवली. वाजवून बघायचं एक बटण असतं. ते दाबलं नाही.

मुलीला फोन केला. "एकट्याने केलंत? पडदा बघायला कोण होतं?"

"मला झोप लागली होती," मी म्हटलं.

"धन्य आहात."

त्यानंतर काही दिवस वायर लावलेलीच होती. मग कधीतरी काढली असणार, मला आठवत नाही. मी मोरीत बांगडे साफ करत होतो, बोटाने आतडी काढत, डोक्यात दुसरंच काहीतरी. आतनं फोडणी चर्र झाली.

"अहो, पाहुण्याला जेवायला घाला, नि तुम्ही पण या."

"हात माशाचे आहेत गो," मी म्हटलं. "आलो, आलो."

हात धुऊन जाईपर्यंत पाहुणा उपाशीच झोपला होता.