रवींद्र देवतळेची कमकुवत कॉन्फरन्स

चारुदत्त मेहेंदळे आणि रवींद्र देवतळे यांची पहिली भेट झाली त्या क्षणी अख्ख्या ओहायो राज्यातली वाहतूक थांबली, पक्षी फांदीवरच राहिले आणि पडता बर्फ हवेत अधांतरी थबकला, असं चारुदत्त आजही सांगतो. त्याची बायको वसुधा तिथे हजर होती. तिच्या आठवणीप्रमाणे थांबला होता तो ओहायोतल्याच डब्लिन गावातल्या एका शाळेचा पार्किंग लॉट, आणि तोही चारुदत्तमुळेच.

जिमच्या, म्हणजे शाळेच्या बंदिस्त मैदानाच्या, दारासमोर एकच जागा उरली होती. चारुदत्त सिग्नल देऊन, तिन्ही आरशांत दोन-दोनदा बघून, अस्सल पुणेरी शिस्तीने तिथे गाडी उलटी लावायच्या बेतात होता. त्याच्या मागे सात गाड्या खोळंबल्या होत्या. तेवढ्यात समोरून एक बिस्किटी रंगाची मिनीव्हॅन आली, बर्फावरून राजहंसासारखी घसरली आणि एकाच वळणात, मागेपुढे न करता, दोन पांढऱ्या रेघांच्या बरोब्बर मधे जाऊन बसली. आतून सहा फुटी, कुरळ्या केसांचा, हसरा माणूस उतरला.

"मराठी का बे?" तो म्हणाला. "काचेवर गणपती दिसला म्हणून विचारलं. तू लावून राहिला होता का इथे? काढू का मी गाडी?"

हा माणूस उर्मट निघाला असता तर चारुदत्तचं आयुष्य सुखात गेलं असतं. तो चांगला निघाला. सगळं बिघडलं ते तिथे.

आत दोघांची मुलं दहा वर्षांखालच्या बास्केटबॉल लीगमध्ये खेळणार होती, आणि ठरलेला पंच बर्फात अडकला होता. कोणीतरी या दोन बापांच्या हातात शिट्ट्या दिल्या. मुलांचं बास्केटबॉल दोन वर्षांत सुटलं. बापांचं सुटलं नाही. त्याला आता तेरा वर्षं झाली.

चारुदत्त विमा कंपनीत ॲक्च्युअरी आहे. म्हणजे कुठल्या वयाची किती माणसं यंदा मरतील हे तो शांतपणे, चहा पिता पिता सांगू शकतो. अशा माणसाच्या हातात नियमांचं पुस्तक पडलं, तर तो ते पाठच करणार. पंचांच्या वार्षिक परीक्षेत त्याला दरवर्षी शंभरपैकी शंभर. रवींद्रला चौऱ्याऐंशी, एका वर्षी तर एक्क्याऐंशी. हे आकडे चारुदत्तने कधी कोणाला सांगितले नाहीत, म्हणजे कोणी विचारल्याशिवाय सांगितले नाहीत, आणि कोणी विचारावं अशी व्यवस्था तो करत असे.

असं असूनही चार वर्षांपूर्वी कॉलेजचे सामने मिळाले ते रवींद्रला. ओल्ड कॅनल कॉन्फरन्स नावाची मक्याच्या शेतांमधल्या नऊ छोट्या कॉलेजांची एक साखळी आहे. तिथे कुठल्या सामन्याला कोणते पंच पाठवायचे हे डेल व्हिटेकर नावाचा गृहस्थ ठरवतो. पंचांच्या उन्हाळी शिबिरात डेलने शंभरपैकी शंभरवाल्याला पाहिलं, चौऱ्याऐंशीवाल्याला पाहिलं, आणि चौऱ्याऐंशीवाल्याला उचललं. चारुदत्त मंगळवारी आणि शुक्रवारी हायस्कुलांमध्येच शिट्टी फुंकत राहिला.

मत्सर हा शब्द त्याला मान्य नव्हता. तो त्याला निरीक्षण म्हणायचा. रवींद्रच्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाला इस्त्री कशी असते, रवींद्रच्या शिट्टीचा आवाज किती लांब जातो, रवींद्र हात वर करतो तेव्हा पोट दिसतं का (दिसत नाही), या सगळ्याचं निरीक्षण. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत ते फार दुखायचं. सत्तरी ओलांडलेल्या डॉक्टर शोभनाकाकू भर पंगतीत ओळख करून द्यायच्या, "हे आमचे रवींद्र, कॉलेजच्या मॅचेसचे रेफरी बरं का!" आणि मग मठ्ठ्याचा ग्लास पुढे करत प्रेमाने, "चारू, तू पण काहीतरी शिट्टी वाजवतोस ना रे?"

गेल्या नोव्हेंबरात हे पुन्हा घडलं, त्या रात्री चारुदत्तला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने एक्सेल उघडलं.

कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो, आणि पहिले पाच-सहा आठवडे संघ आपल्या साखळीबाहेरच्यांशी खेळतात. कुठली कॉन्फरन्स भारी आणि कुठली फुसकी, हे त्या सामन्यांवरून ठरतं. त्या वर्षी ओल्ड कॅनलने सुरुवातीलाच बाहेरचे एकतीसपैकी बावीस सामने जिंकले. जाणकार मंडळी तिला देशातल्या पहिल्या दहा छोट्या कॉन्फरन्सेसमध्ये धरू लागली. रवींद्र नुसता छोट्या कॉलेजांचा पंच होता तोवर ठीक होतं. आता तो भारी कॉन्फरन्सचा पंच झाला. हे सहन करण्यासारखं नव्हतं.

चारुदत्तने एकतीसच्या एकतीस सामन्यांची चिरफाड केली. त्यातले एकोणीस घरच्या मैदानावर. वजा. सात सामने ज्यांची अर्धी टीम नवी, अशांविरुद्ध. वजा. एक तर पाद्री घडवणाऱ्या बायबल कॉलेजाविरुद्ध. तो सामना त्याने धरलाच नाही. तीन रविवार खपून त्याने ओल्ड कॅनल कॉन्फरन्सला एकतिसाव्या क्रमांकावर नेऊन बसवलं आणि ते कोष्टक मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. खाली निरागसपणे लिहिलं, 'सहज गंमत म्हणून'.

पहिलं उत्तर रवींद्रचं. "काय जबरदस्त काम केलं यार चारू! डेलला पाठवतो."

पाठवलंही.

आता प्रश्न असा की चौऱ्याऐंशीवाल्यात डेलने पाहिलं तरी काय? याचं उत्तर चारुदत्तला ठाऊक होतं, आणि ठाऊक असणं हाच त्याचा छळ होता. बास्केटबॉलचा कोच हा प्राणी रेघेच्या कडेला उभा राहून चाळीस मिनिटं पंचावर ओरडतो. कोट काढतो, पाय आपटतो, तळहात आकाशाकडे करून साक्षीदार म्हणून देवाला बोलावतो. बाकीचे पंच त्याच्याशी वाद घालतात किंवा बहिरे होतात. रवींद्र तीन वर्षं महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष होता. मागच्या पाडव्याला श्रीखंड शेवटच्या टेबलापर्यंत का पोचलं नाही, या विषयावर वार्षिक सभेत पाऊण तास बोललेल्या माणसाला त्याने ऐकून घेतलेलं होतं. हात मागे बांधायचे, मान किंचित कलती ठेवायची, मधे बोलायचं नाही, आणि शेवटी गंभीरपणे म्हणायचं, "मुद्दा नोंदवून घेतला, काका." नोंदवही कोणी कधी पाहिली नाही. काका मात्र समाधानाने खाली बसायचे.

मैदानावर रवींद्र तेच करायचा. कोच फेसाळत यायचा. रवींद्र हात मागे बांधून सगळं ऐकायचा आणि म्हणायचा, "नोटेड, कोच." आणि सहा फूट चार इंचांचे, मानेवर शिरा फुगलेले धटिंगण मुकाट्याने मागे फिरायचे.

"यात कौशल्य काय आहे?" चारुदत्त वसुधाला विचारायचा. "नियमांत असं काही लिहिलेलंच नाही."

"तुम्ही मला कधी तेवढं तरी म्हणालात?" वसुधा म्हणायची. "मीही खाली बसले असते."

डिसेंबरातल्या एका गुरुवारी डेलचा फोन आला. शनिवारी दुपारी दोनचा सामना, तीनपैकी एका पंचाला फ्लू. येशील का? रवींद्र तिथे आहेच, त्यानेच तुझं नाव सुचवलं. आणि हो, पुढच्या हंगामाच्या यादीत एक जागा रिकामी होते आहे. मी घरून लाइव्ह बघणार आहे.

चारुदत्तने फोन ठेवला. कॉलेजची एक जागा. रवींद्रच्या बरोबरीने. शोभनाकाकूंच्या तोंडून, पंगतीत. त्यातला 'त्यानेच तुझं नाव सुचवलं' हा खडा त्याने गिळून टाकला. संध्याकाळी वसुधा त्याच्या खोलीत डोकावली तर एक्सेल पुन्हा उघडं.

"आता काय?"

"काही नाही. घरच्या मैदानाचा फायदा मी जरा जास्तच धरला होता. आणि ते बायबल कॉलेज तसं चांगलं खेळतं."

रात्रीच्या जेवणापर्यंत ओल्ड कॅनल कॉन्फरन्स सहाव्या क्रमांकावर आली होती.

शनिवारी तिसरा पंच परस्पर आला; हे दोघं रवींद्रच्या गाडीने गेले. यजमान संघाचा कोच होता ब्रॅनिगन. सामन्याआधी हा माणूस चर्चमधल्या बिशपसारखा सौम्य. चेंडू हवेत उडाला की भर पंगतीत वाढपी पळाल्यावर मुलीचा बाप होतो तसा. कोचने कुठवर हिंडावं यासाठी बाकासमोर रेघांचा एक चौकोन आखलेला असतो. ब्रॅनिगन त्याला परवाच्या पुसट रांगोळीइतकाच मान द्यायचा. पहिल्या सत्रातच चारुदत्तने त्याला रीतसर वॉर्निंग दिली आणि टेबलवर नोंदवायला लावली. ब्रॅनिगनने त्याच्याकडे असं बघितलं, जणू हा मीटर रीडिंगला आला आहे.

मध्यंतरात लॉकर रूममध्ये रवींद्र पाणी पीत म्हणाला, "बोलू दे ना त्याला यार. दोन मिनिटं बोलला की थकतो. आपल्या श्रीखंडवाल्या काकांचा भाऊ आहे तो."

"तो रेघेबाहेर असतो. वॉर्निंग झाली आहे. पुढच्या वेळी टेक्निकल फाउल."

"नियम मला माहीत आहे बे."

"चौऱ्याऐंशी टक्के," चारुदत्त म्हणाला.

रवींद्र इतका मोकळेपणाने हसला की चारुदत्तला बुटाची नाडी पुन्हा बांधावी लागली.

दुसऱ्या सत्रात तीन वेळा ब्रॅनिगन उसळला. तिन्ही वेळा रवींद्र हात मागे बांधून गेला आणि तो विझला. शेवटचे अडतीस सेकंद उरले तेव्हा गुण होते एकसष्ट-एकसष्ट. चार-पाचशे माणसं उभी राहून ओरडत होती. ब्रॅनिगन रेघेबाहेर आला. फूटभर. ओरडत होता तेही पंचावर नाही, स्वतःच्याच एका खेळाडूवर. चारुदत्त त्याच्यापासून दहा फुटांवर होता. त्याने बूट पाहिला, रेघ पाहिली, आणि मग, पाहायला नको होतं तरी, पलीकडे रवींद्रकडे पाहिलं. रवींद्रने तळहात कमरेपाशी खाली दाबला. जाऊ दे.

जाऊ दे! तेरा वर्षं त्याने जाऊच दिलं होतं. पार्किंगची जागा जाऊ दिली, शिबिर जाऊ दिलं, मठ्ठ्याचा ग्लास जाऊ दिला. आणि डेल घरून बघत होता. पुस्तकातला हा नियम अख्ख्या जिममध्ये शब्दन् शब्द पाठ असलेला माणूस एकच होता. हा माणूस कधी, कुठे, कोणाच्या डोळ्यांत भरणार होता?

चारुदत्तने शिट्टी फुंकली आणि दोन हातांनी टेक्निकल फाउलचा टी केला.

जिम आरडाओरड्याने दणाणलं. पाहुण्या संघाला एक फ्री थ्रो, म्हणजे अडवायला कोणी नसताना मारायचा नेम, मिळाला. गेला आत. नंतर यजमानांचा शेवटचा प्रयत्न कड्याला लागून परतला आणि सामना बासष्ट-एकसष्टने संपला. ब्रॅनिगन लाल होऊन चारुदत्तवर धावून आला. "एक फूट! एका फुटासाठी?" चारुदत्तने नियमाचा क्रमांक सांगायला तोंड उघडलं, तोच मधे रवींद्र उभा. हात मागे. मान कलती. ब्रॅनिगनने त्याला भरपूर सुनावलं. रवींद्रने सगळं ऐकलं.

"नोटेड, कोच. पण कॉल त्याचा बरोबर आहे."

ब्रॅनिगनने मान हलवली आणि तो निघून गेला. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या शिट्टीनंतर चारुदत्त रवींद्रच्या पाठीमागे उभा होता, आणि समोरच्या शर्टाची इस्त्री अजूनही मोडली नव्हती.

परतीच्या वाटेवर आधी पेट्रोल भरून झालं. मग रवींद्र म्हणाला, "मी डेलला सांगतो, कॉल बरोबर होता म्हणून."

"तू कशाला सांगतोस? तो बघत होता."

"बरं बाबा, नाही सांगत. मागे डब्यात मेथीचे पराठे आहेत, नीलांबरीने दिलेत. खाऊन घे."

रवींद्रच्या बायकोच्या हातचं चारुदत्त खाणार नव्हता. त्याने दोन खाल्ले. आमच्या घरच्यापेक्षा खुसखुशीत आहेत, याचंही त्याने निरीक्षण केलं.

मग जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. चारुदत्त दिवसातून चाळीस वेळा ईमेल बघायचा. मनातल्या मनात त्याने डेलशी संपूर्ण खटला लढवला: वॉर्निंग टेबलवर नोंदलेली, बूट बाहेर, अडतीस सेकंद असोत की अडतीस मिनिटं, नियम तोच. कधी तो निर्दोष सुटायचा, कधी रवींद्र कुठल्यातरी कोपऱ्यात उभा राहून डेलच्या कानात गोड बोलताना दिसायचा. हा दुसरा खटला जास्त चालायचा, कारण त्यात जरा सुख होतं. वसुधा म्हणायची, "अहो, तो माणूस तुमच्यासाठी बोलला असेल तर?" त्यावर चारुदत्त म्हणायचा, "तीच तर भीती आहे."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात डेलचं पत्र आलं. टेक्निकल फाउलबद्दल त्यात एक ओळ होती: निर्णय अचूक, काही तक्रार नाही. रवींद्रचा उल्लेख नव्हता. पुढे लिहिलं होतं की त्या सामन्यात अकरा फास्ट ब्रेक, म्हणजे चेंडू हिसकावून थेट पलीकडे धावणं, झाले, आणि त्यांपैकी नऊ वेळा चारुदत्त बास्केटपाशी तीन पावलं उशिरा पोचला. कॉलेजच्या वेगाला ते पुरणार नाही. यादीतली जागा चिलिकोथी गावच्या एका पी.टी. शिक्षिकेला मिळाली.