फ्राऊ होफरांची घुबडं

माझ्या जर्मन भाषेचं ज्यांनी ज्यांनी कौतुक केलंय, त्यांच्यासाठी हा किस्सा. म्हणजे फक्त माझ्या सासूबाईंसाठीच म्हणा, कारण दुसऱ्या कुणी ते केलेलं नाही.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, जर्मनीत कायझर्सलाउटर्नला एका संशोधन संस्थेत होता. आम्ही गावाच्या अगदी टोकाला राहायचो. आमची गल्ली संपली की जंगल सुरू. वरच्या मजल्यावर आम्ही आणि खाली घरमालकीणबाई, फ्राऊ होफर, म्हणजे श्रीमती होफर. सत्तरीच्या, एकट्या, गुडघेदुखीने बेजार.

या बाईंचे माझ्यावर किती उपकार आहेत म्हणून सांगू? कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा इथपासून त्यांनी मला शिकवलं. व्हिसाच्या कचेरीत सकाळभर माझ्याशेजारी बसून राहिल्या. मिलिंद बाहेरगावी असताना मला ताप आला, तर सूपचं पातेलं घेऊन एकेक पायरी कण्हत वर आल्या. आणि बदल्यात कधी काही मागतील तर शपथ.

त्यामुळे ऑगस्टच्या शेवटी त्यांनी पहिल्यांदा एक काम सांगितलं, तेव्हा मला केवढा आनंद झाला असेल.

झालं असं, की त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे कधीतरी होतं. पण दुसऱ्या कुणाचं तरी रद्द झालं आणि हॉस्पिटलने यांना तातडीने बोलावलं. टॅक्सी दारात उभी. फ्राऊ होफरांनी माझ्या हातात किल्ली ठेवली आणि भराभर बोलायला लागल्या. त्यातलं मला कळलं ते एवढंच: टेरासवर माझ्या 'ऑइलन' आहेत, त्या फार खातात, त्यांना रोज ताजं द्या, जंगलातलं.

मी म्हणाले, "जा, जा, गेनाऊ, गेनाऊ."

म्हणजे हो हो, अगदी बरोबर. ही माझी सवयच होती. समजलं तर एकदा गेनाऊ, नाही समजलं तर दोनदा.

पण ऑइलं म्हणजे घुबड, आणि अनेक असली की ऑइलन, हे मला पक्कं माहीत होतं. भाषेच्या वर्गात प्राण्यांचा धडा झाला होता आणि त्यात मी पहिली आले होते. शिवाय बोलताना बाई मध्येच 'आडलर' असंही काहीतरी म्हणाल्या होत्या. आडलर म्हणजे गरुड.

मी वर येऊन सांगितलं. तेव्हा सासूबाई नागपूरहून आमच्याकडे आल्या होत्या. उभी हयात सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, कशाला म्हणून घाबरायच्या नाहीत.

"बाई एकटी राहते अन् घुबड पाळते?" त्यांनी विचारलं.

"घुबडं, आई. आणि बहुतेक एक गरुड."

"एका पिंजऱ्यात?"

"इथे शिस्त असते, आई."

मिलिंद म्हणाला, "अगं, पण त्याला परवानगी लागत असेल ना?"

"असेल त्यांच्याकडे. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा कागद असतो."

घुबड अशुभ वगैरे आमच्या घरात कुणी मानत नाही, तो प्रश्नच नव्हता. प्रश्न चोचीचा होता. जंगलातलं ताजं म्हणजे उंदीर, पण तो मी कुठून आणू? शेवटी तुर्की खाटकाकडून कोंबडीची काळीजं आणली. डोक्यावर मिलिंदचं सायकलचं हेल्मेट, हातात ओव्हनचे जाड हातमोजे, आणि मागे सासूबाई छत्री घेऊन. अशा थाटात आम्ही खाली गेलो.

टेरासवर जाळीचा एक मोठा पिंजरा होता. आत पाण्याच्या बाटल्यांत नेच्याची लांबच लांब पानं खोचलेली. खालच्या कोपऱ्यात जाळी जराशी सुटलेली. घुबड नाही, गरुड नाही, एक पीससुद्धा नाही.

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा काम सांगितलं आणि पहिल्याच दिवशी त्यांचे पक्षी उडाले?

"आणि हे बघ," सासूबाई वाकून म्हणाल्या. "नेचा पार खाऊन टाकलाय."

पानांवर हिरव्यागार अळ्या होत्या. पानाच्याच रंगाच्या, त्यामुळे आधी दिसल्या नव्हत्या. अगदी निवांत चरत होत्या.

पक्षी तर गेले, निदान बाईंची झाडं तरी वाचवू, असं आमचं ठरलं. मी फवारा शोधायला निघाले तर सासूबाईंनी हात धरला. "पंचशील घेतो ना आपण? मारायचं नाही." मग त्यांनी दह्याच्या रिकाम्या डब्यात एकेक अळी अलगद वेचली आणि जंगलात जाऊन सोडून आल्या. मी पिंजरा धुऊन पुसून लख्ख केला.

नंतर घुबडाचा शोध. ऑपरेशनला गेलेल्या बाईला फोन करून 'तुमचं घुबड उडालं' असं कसं सांगायचं? आम्ही तिघं जंगलात माना वर करून फिरलो. मिलिंद, माझा पीएचडी झालेला नवरा, एका झाडाखाली उभा राहून 'घू घू' करत होता. पळायला आलेले एक गृहस्थ त्याला पाहून आले तसे परत गेले.

दुसऱ्या दिवशीही काही सापडेना, तेव्हा मिलिंदने वनखात्याला फोन केला. फोर्स्टर, म्हणजे तिथला वनाधिकारी, दुपारी स्वतः आला. हिरवं जाकीट, पांढरी दाढी.

"काय हरवलंय? घुबड की गरुड?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"केवढं होतं?"

मी हात पसरून दाखवलं. पाहिलं नव्हतं, पण अंदाज दिला. तो टेरासवर गेला, पिंजरा पाहिला, नेच्याची पानं पाहिली आणि माझ्याकडे वळला.

"फ्राऊ वाघमारे, इथे अळ्या होत्या का?"

"होत्या ना," मी अभिमानाने म्हणाले. "सगळ्या काढून टाकल्या. आता काही प्रॉब्लेम नाही."

त्याने डोळे मिटले. मग हळू, सोप्या जर्मनमध्ये, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. जंगलात वाढणारा जो मोठा नेचा असतो ना, त्याला इथे आडलरफार्न म्हणतात, गरुडनेचा. आणि रात्री उडणाऱ्या पतंगांच्या एका मोठ्या कुळाला म्हणतात ऑइलन, घुबडं. त्यातले काही लहानपणी फक्त नेचाच खातात. फ्राऊ होफर दरवर्षी त्यांच्या थोड्या अळ्या पाळतात, उन्हाळ्यात पतंग निघाले की जंगलात नेऊन सोडतात. या जातीचे फार उरलेले नाहीत.

"म्हणजे घुबड…" मी विचारलं.

त्याने अंगठा आणि तर्जनी जवळ आणली. "एवढं."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतो तो?" मी सांगितलं. त्यांनी लगेच चपला घातल्या. "रडतेस कशाला? मी काय कुठेही फेकल्या का त्या? जे खात होत्या तेच झाड बघून ठेवल्या. ओंडके रचलेत ना, त्याच्या मागे."

त्या पुढे, आम्ही मागे. ओंडक्यांमागे खरंच नेच्याचं रान होतं. नागपूरच्या माझ्या सासूबाई आणि तो फोर्स्टर शेजारी शेजारी गुडघ्यांवर बसून पानं उलटून पाहत होते. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, पण अळी सापडली की दोघं एकमेकांकडे पाहून मान डोलवायचे. सगळ्या नाही मिळाल्या, पण बऱ्याच मिळाल्या. पिंजरा पुन्हा भरला आणि रोज ताजा नेचा आणायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं.

मी हॉस्पिटलमध्ये जाऊन सगळं खरं सांगितलं. काळीजं, हेल्मेट, घू घू, काही लपवलं नाही. फ्राऊ होफर इतक्या हसल्या की गुडघा धरून 'आई गं'ला जे काही जर्मन असेल ते म्हणाल्या. मग त्यांनी डोळे पुसले.

"दोन दिवस जंगलात फिरलात? तिघं? माझ्या घुबडासाठी?"

"हो."

"माझा मुलगा तर माझी टेरासही विसरलाय," त्या म्हणाल्या आणि माझा हात बराच वेळ सोडला नाही. मी ओरडा खायला गेले होते आणि परत आले ती पोटभर माया घेऊन. परक्या मुलखात आपल्या मूर्खपणावर इतकं प्रेमाने हसणारं माणूस मिळावं, अजून काय हवं असतं?

पुढच्या जूनमध्ये एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. पिंजऱ्यात पतंग निघाले होते. नखाएवढा जीव आणि पंखांवर गुलाबी-तपकिरी नाजूक नक्षी. मी नागपूरला फोन लावून सासूबाईंना वर्णन करून सांगितलं.

आता मी या विषयातली जाणकार झाले होते. फ्राऊ होफरांची पुस्तकं चाळायचे. म्हणून त्या जेव्हा म्हणाल्या, "माझी बहीण सुट्टीवर चाललीय, तिचा 'बेअर' माझ्याकडे येतोय, दुपारी जरा त्याच्याकडे बघाल का?" तेव्हा मी मुळीच फसले नाही. बेअर म्हणजे अस्वल. पण केसाळ अळ्यांच्या पतंगांना इथे अस्वलं म्हणतात आणि त्या अळ्या लोवेनत्सानची पानं खातात, हे मी वाचलं होतं. लोवेनत्सान म्हणजे सिंहाचा दात, रस्त्याकडेचं पिवळ्या फुलांचं रोप. या लोकांना प्राण्यांशिवाय नावंच सुचत नाहीत.

मी कोवळी पानं खुडली, धुऊन कोरडी केली, बरणीत भरली, तोंडाला जाळीचं फडकं बांधलं आणि खाली गेले.

दार उघडलं आणि माझ्या कमरेएवढा एक तपकिरी कुत्रा धावत आला. पुढचे दोन्ही पाय त्याने माझ्या खांद्यांवर ठेवले आणि माझं तोंड चाटलं.

"बेअर, खाली," फ्राऊ होफर म्हणाल्या. मग त्यांची नजर बरणीवर गेली. "हे त्याच्यासाठी आणलंत?"

"छे छे," मी म्हणाले. "तुमच्यासाठी. कोशिंबिरीला."

त्यांचा चेहरा खुलला. तिकडे त्या पानांची खरोखरच कोशिंबीर करतात. त्यांनी लगेच करायला घेतली आणि मला समोर बसवून वाढली. जूनमधला लोवेनत्सान कारल्यापेक्षा कडू असतो. मी चेहरा हसरा ठेवून बशी संपवली, म्हणून त्यांनी मला आणखी वाढली.