मशीनशेजारचं स्टूल

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. कारंजा, शेलूबाजार, रिसोड या भागातला एकही स्टँड असा नव्हता जिथल्या कँटीनवाल्याला यांचा चहा माहीत नव्हता. साखर जास्त, पाणी कमी, आणि बशीतच. घरी असले की चहा स्वतः करायचे. मी केलेल्या चहाला ते "शाळेचा चहा" म्हणत, कारण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, आणि त्यांच्या मते मास्तर लोक दूध मोजून घालतात. या टोमण्याचा मला तेव्हा राग यायचा. आता कुणी येऊन पुन्हा तो टोमणा मारावा म्हणून मी काय वाटेल ते देईन.

नोकरी संपली आणि लगेच त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टर "निकामी" म्हणाले, यांनी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, "इंजन ठीक हाये, रेडिएटर गेलं." मग डायलिसिस सुरू झालं. ठरलेल्या दिवशी सकाळी गावातून शेलूबाजारला, तिथून जीपनं शहरातल्या सरकारी दवाखान्यात. चार तास मशीनवर पडायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि दिवस कलायच्या आत परत यायचं. आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस जीपमध्ये मागच्या सीटवर अंग चोरून बसायचा आणि दर वळणावर त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. मी सुट्टी काढून सोबत जात असे, जमेल तेव्हा.

सगळ्यात वाईट होती ती तहान. लघवी होत नाही, म्हणजे प्यालेलं पाणी अंगातच राहतं, पायांवर सूज येते, छातीत भरतं, श्वास लागतो. म्हणून दिवसाचं पाणी बांधून दिलेलं. मी सकाळी एका बाटलीत ते भरून ठेवायची. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. हे तोंडात लवंग धरायचे, लिंबाची फोड चाटायचे, चूळ भरून थुंकायचे. माठ मी आतल्या खोलीत हलवला होता. पण नळाला पाणी आलं की आवाज तर यायचाच. तो आला की हे उठून ओट्यावर जाऊन बसायचे.

इतकं करूनही दवाखान्यात काट्यावर उभं केलं की वजन वाढलेलं. वाढलेलं वजन म्हणजे पाणी. एकदा मोठे डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. घरी लक्ष द्या जरा." जीपमध्ये बसल्यावर मी यांच्यावर जो तोंडाचा पट्टा सोडला तो शेलूबाजार येईपर्यंत थांबला नाही. हे खिडकीबाहेर बघत बसले. म्हणाले, "बाटलीबाहेर एक थेंब नाई घेतला मी." आणि ते खरंच होतं.

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. अशाच एका शनिवारी मी दुपारी घरी आले तर ओट्यावर चौघं बसलेले, प्रत्येकाच्या हातात कप, आणि यांच्या हातात बशी. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की माणसं भेटायला येतात. चुकवत नाहीत. वावरातून येताना, बाजाराला जाताना, थोडा वेळ टेकतात. आल्यावर चहा होतोच, आणि तो घरातल्या माणसानं सोबत घेतल्याशिवाय आलेला माणूस कपाला हात लावत नाही. "तुमी घ्या, मंग मी घेतो. अर्धा घोट तं घ्या जी." आजाऱ्यानं चहा घेतला म्हणजे तो बरा होतो आहे, अशी त्यांची समजूत, आणि नाही घेतला तर आपलं येणं त्याला जड झालं अशीही. आमचे हे स्वतः उठून चहा करत होते आणि दर माणसामागे अर्धा कप सोबतीला घेत होते.

माणसं गेल्यावर मी विचारलं, "आज कितवा?"

"अर्धाच घेतला."

"कितवा अर्धा?"

ते बोटांवर मोजायला लागले आणि एका हाताची बोटं संपल्यावर थांबले. म्हणाले, "चहाले पानी कोन म्हनते?"

मला हसूही आलं आणि रडूही. गावातलं कुणी वैरी नव्हतं. सगळे मायेनंच पाजत होते.

दवाखान्यात मधूनमधून रुग्ण आणि नातेवाइकांची बैठक व्हायची. तोपर्यंत तिचं स्वरूप ठरलेलं होतं. डॉक्टर विचारणार, "काही अडचण?" आणि आपण सगळे एका सुरात, "नाई साहेब, सगळं चांगलं हाये." ज्याच्या हातात आपलं माणूस आहे त्याच्यासमोर कोण अडचण काढणार. भिंतीवर सूचनांची पेटी होती, तिच्या कुलपाची किल्ली हरवली होती आणि त्यानं कुणाचंच काही अडत नव्हतं. पण त्या दिवशी मी उठले. शाळेतला आवाज लागला माझा, त्याला इलाज नाही. म्हटलं, "तुम्ही पेशंटला सांगता पाणी कमी प्या. आम्हाला सांगता लक्ष द्या. पाजणारं गाव आहे, त्याला कोण सांगणार? तुमच्या कागदावर भेटायला येणाऱ्यांबद्दल एक ओळ नाही."

यांच्या शेजारच्या खाटेवर कारंज्याचे एक टेलर चाचा असायचे. त्यांनी लगेच सूर धरला. "बाई सही बोलते. माह्या दुकानात दर गिऱ्हाईक चाय मांगवते. ना बोलू तं त्याले वाटते चाचा नाराज हाये. कपडा दुसरीकडे घेऊन जाते."

मग एकेकाचं तोंड उघडलं. कुणाच्या घरी लग्न, कुणाकडे पाहुणे, कुणाचा जावई. डॉक्टर ऐकत राहिले. त्या बैठकीत पहिल्यांदा ते कमी बोलले आणि आम्ही जास्त. मशीनच्या खोलीची जबाबदारी असलेली सिस्टर म्हणाली, "मी येते तुमच्या गावात."

ती रविवारी आली. विहारात वंदना झाल्यावर लोक बसलेलेच होते. तिनं एक बिनछिद्राचं मडकं मध्ये ठेवलं आणि आलेल्यांना एकेक अर्धा कप पाणी त्यात टाकायला लावलं. कुणाला ते जास्त वाटलं नाही. मडकं गळ्यापर्यंत आलं तेव्हा ती म्हणाली, "हे यांच्या छातीत आहे." आमच्या शेजारचे काका, जे रोज दोनदा यायचे, हळूच म्हणाले, "म्हंजे आमीच पाजून राह्यलो याले?"

त्यानंतरचं वजन बघून डॉक्टर खूष झाले. पायांची सूज उतरली. श्वास मोकळा झाला. सिस्टरनं इतर रुग्णांच्या गावांतही जायला सुरुवात केली, कागदावर भेटायला येणाऱ्यांसाठी चार ओळी छापल्या गेल्या, आणि मी जरा फुशारकीतच होते. आमच्या ओट्यावर मात्र कुणी येईनासं झालं.

कुणी मुद्दाम टाळत नव्हतं. पण नुसतं येऊन बसायचं, हात मोकळे ठेवून, ते जमेना माणसांना. चहा विचारायचा नाही, आणि विचारला तर घ्यायचा नाही, मग उठायचं कधी हेच कळत नसे. लोक गाडीवरूनच हात करायचे, "बरं हाये ना?" आणि पुढं. काका तर वाट वाकडी करून दुसऱ्या गल्लीनं जायला लागले. त्यांना अपराध्यासारखं वाटत होतं. हे ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. दुपारची एसटी फाट्यावर थांबली की आवाजावरून गाडीची खोड सांगायचे, पण ऐकायला मीच एकटी, आणि मीही शाळेतून थकून आलेली.

एक दिवस त्यांनी बाटलीतलं पाणी तसंच ठेवलं. मी म्हटलं, घ्या ना. ते म्हणाले, "पान्याची तहान सोसते मले. हे नाई सोसत. असं जगून कोनाले दाखवू?" मी आत गेले आणि पोळपाटापाशी उभी राहून रडले. त्यांचा जीव वाचवायला मीच गाव हटवलं होतं, आणि त्यात चूक कुणाचीच नव्हती. हा प्रश्न कोणत्या डॉक्टरला विचारायचा तेही कळत नव्हतं.

पण मशीनवर असताना, रक्तदाब ठीक असला तर, सिस्टर रुग्णांना थोडा चहा द्यायची. त्या वेळी पाणी काढलंच जात असतं, तिनं ते हिशेबात धरलेलं असे. हे तो चहा तसाच ठेवून द्यायचे. एकट्यानं कसा प्यायचा म्हणायचे. आणि आम्ही नातेवाईक काचेच्या दाराबाहेर, कारण आत कुणी बसायचं नाही असा नियम.

पुढच्या बैठकीत मी तेवढंच मागितलं. "चहा तुम्ही देताच. सोबतीला एक माणूस बसू द्या. एका खाटेपाशी एक स्टूल."

सिस्टर घाबरली. जंतुसंसर्गाचं म्हणणं तिचं रास्त होतं. चाचा म्हणाले, "सिस्टर, चार घंटे हम पंखा गिनते हैं. पंखा एकच हाये." सगळे हसले, डॉक्टरही. मग अटी ठरल्या. सुया लावताना आणि काढताना कुणी आत नाही. एका वेळी एकच. हात धुवायचे, चप्पल बाहेर, तोंडाला मास्क, चहापुरता खाली. सर्दी-ताप असलेल्यानं गावातच राहायचं. अटी आम्हीच लोकांना शिकवायच्या आणि मोडल्या तर आम्हीच बोलणी खायची, हेही ठरलं.

आमच्या गावच्या सुतारानं हौसेनं बाभळीची स्टुलं करून पाठवली. सिस्टर म्हणाली, लाकूड औषधानं पुसता येत नाही, ही बाहेर ठेवा. मग शेलूबाजाराहून प्लास्टिकची आणली. सुतार थोडे दिवस रुसला होता. त्याची स्टुलं बाहेर रांगेत बसणाऱ्यांच्या कामाला आली आणि अजून मजबूत आहेत. आता तिथं येणाऱ्यांना वाटतं, ही पद्धत सुरुवातीपासूनच आहे.

मग आमच्या गावात रविवारी विहारात ठरायला लागलं, या खेपेला ड्रायव्हरसोबत कोण. माणसं इस्त्रीचा शर्ट घालून यायची. पहिल्या दिवशी काका आले. मास्कमुळे त्यांना गुदमरत होतं, मशीनमधून फिरणारं रक्त बघून त्यांचा चेहरा उतरला होता. सिस्टरनं दोन लहान कप आणले. काका म्हणाले, "तू घे." हे म्हणाले, "तू घे आंधी." दाराच्या काचेतून मला दोघांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. मग दोघांनी एकदमच घेतला. सोयाबीन, तूर, कुणाची म्हैस व्याली, कोणत्या गाडीचा कंडक्टर बदलला, सगळं त्या चार तासांत व्हायचं. ज्या दिवसाची त्यांना धास्ती असायची त्या दिवशी ते आता माझ्याआधी उठून तयार असायचे.

तो काळ मला परत हवा आहे. सुख म्हणावं असं त्यात काही नव्हतं, हाताला सुयांच्या गाठी होत्या, जीपचा धक्का होता, उलट्या होत्या. तरी परत हवा आहे. अजून मशीनच्या दिवशी मला पहाटेच जाग येते आणि ऐकू येतं की कुणीतरी अंगणात चप्पल झटकतं आहे.

पुढं त्यांचं हृदय थकलं. मशीनवर घेतलं की रक्तदाब पडायचा. एका सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि आता हे शरीर मशीन सोसणार नाही, हे सरळ सांगितलं. घरी नेलं तरी चालेल म्हणाले. हे सगळं समजून होते. जीपमध्ये मला म्हणाले, "आता बाटली भरू नको."

घरी आल्यावर मी माठातला गार तांब्या त्यांच्यासमोर धरला. एवढ्या वर्षांचं मागणं होतं ते. दोन घोट घेतले आणि त्यांनी तो खाली ठेवला. म्हणाले, "बोलाव सगळ्यायले. चहा ठेव. तुह्या शाळेचाच ठेव, चालते."

संध्याकाळी घर भरलं. ओट्यावर, दारात, खाटेच्या दोन्ही बाजूंना माणसं. काका होते, सुतार होता, चाचांनाही कळलं तर ते मुलाच्या गाडीवर बसून कारंज्याहून आले. कप सगळ्यांच्या हातात गेले आणि कुणीच प्यायला नाही. सगळे यांच्याकडे बघत होते. हे उशीला टेकून, डोळे अर्धे मिटलेले. चहावर साय धरायला लागली तरी एक कप हलला नाही. मी बशी त्यांच्या तोंडाजवळ नेली. गिळणं होत नव्हतं, त्यांनी नुसते ओठ लावले. मग म्हणाले, "घ्या आता."

सगळ्यांनी घेतला. माझा कप माझ्या हातात तसाच होता. मला वाटत होतं, मी प्यायले नाही तोवर हे संपायचं नाही. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू बी घे."

मग मीही प्यायले.