अप्पांचा टीव्ही आणि माझा पुठ्ठा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग सांगते. मधेच कुणी हसलं की माझं डोकं फिरतं आणि किस्सा अर्धा राहतो. आणि हा किस्सा अर्धा ठेवण्यासारखा नाही हो! एका टीव्हीपायी मी हुबळीतली एक अख्खी गल्ली बंद पाडली. एकटीनं. आणि कहर म्हणजे, आपण काय करतोय हे माझं मलाच माहीत नव्हतं!

हुबळीतल्याच आमच्या केशवापूरच्या घरातला टीव्ही म्हणजे खोका. पुढून टीव्ही, मागून पोट. त्यावर क्रिकेट लागलं की हिरव्या धुक्यात पांढरी भुतं पळताना दिसायची. चेंडू तर आम्ही कधी बघितलाच नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, रिटायर झालेले गणिताचे मास्तर. ते प्रेक्षकांच्या आरडाओरड्यावरून अंदाज बांधायचे, "हं, गेला वाटतं सीमेपार." स्कोअर बघायचा झाला तर खुर्चीतून उठायचं, काचेला नाक लावायचं, वाचायचं आणि परत येऊन बसायचं. तोवर पुढचा गडी बाद!

मग नवीन का नाही घेतला म्हणता? माझ्यामुळं!

कॉलेजात असताना आम्ही एक मोहीम काढली होती. लोक उगाच वस्तू घेतात, घरं भरतात, कचरा वाढतो, पृथ्वीचं वाटोळं होतं. त्या मोहिमेची मुलूखमैदान तोफ मी. घरात कुणी नव्या वस्तूचं नाव काढलं की मी कमरेवर हात ठेवून विचारायचे, "आपल्याला याची खरंच गरज आहे का?"

आई एकदा म्हणाली, "तुझी तरी कुठं होती?" पण ते सोडा.

तर क्रिकेटची फायनल असली की अप्पा जायचे शेजारच्या देसाई काकांकडे. तिथं मोठा टीव्ही. पण देसाई काका म्हणजे काय प्रकरण! रिमोट छातीशी धरून बसणार, कॉमेंट्रीचा आवाज बंद करणार आणि स्वतःची कॉमेंट्री ऐकवणार. अप्पांची जागा ठरलेली, दाराजवळचं स्टूल. कुणी आलं-गेलं की मास्तरांनी उठायचं.

यंदा काय झालं कुणास ठाऊक, अप्पांच्या तोंडून निघून गेलं, "या वेळची फायनल आमच्याकडं. सगळे या."

देसाई काका म्हणाले, "तुमच्याकडं? त्या खोक्यावर? मास्तर, मॅच बघायला यायचं की ऐकायला?"

सगळे हसले. अप्पांनी घरी येऊन आम्हाला हे हसत हसतच सांगितलं. पण त्या रात्री त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. आमच्याकडं अप्पा दुसरा भात घेत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर.

माझं सगळं तत्त्वज्ञान त्या भातापाशी विरघळलं. म्हटलं, "अप्पा, टीव्ही घ्यायचा. सपाट पडद्याचा, हाय डेफिनिशनवाला. पण निवडणार मी. डोळे उघडे ठेवून, शास्त्रशुद्ध!"

डोळे उघडे ठेवून. हे लक्षात ठेवा हं.

अप्पांची अट एकच. त्यांच्या सागवानी शोकेसच्या कप्प्यात टीव्ही बसला पाहिजे. आता दुकानवाले टीव्ही कसा मोजतात? कोपऱ्यातून कोपऱ्यात, तिरका! हे काय मोजणं झालं? माणसाची उंची कुणी डाव्या कानापासून उजव्या टाचेपर्यंत मोजतं का? मी ठरवलं, कप्प्याच्या मापाचा पुठ्ठा कापायचा, दुकानात न्यायचा आणि टीव्हीवर ठेवून बघायचा.

शनिवार उजाडला. फायनल रविवारी. कपाटामागं फ्रिजच्या खोक्याचा एक भलामोठा पुठ्ठा भिंतीकडं तोंड करून उभा होता. ओढला, कोऱ्या बाजूवर मापं टाकली, उंची जास्त होती म्हणून वरची पट्टी कापून टाकली. दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघायचं? छे! एवढा वेळ कुणाकडं आहे? बाहेर अप्पा ऑटो थांबवून उभे.

"अगं, टेप घे की साधी. हे दार कशाला उचलून आणलंस?"

"अप्पा, टेप नुसता आकडा सांगते. पुठ्ठा सत्य सांगतो!"

ऑटोवाल्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. अप्पांनी खिडकीबाहेर.

दुर्गदबैल बाजाराच्या तोंडाशी ऑटो थांबला. आत गाडी जायला जागा कुठं? उतरलो, तर केळ्यांच्या गाड्यापाशी अप्पांना त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटला. "तू हो पुढं, मी आलोच," म्हणाले. अप्पांचं 'आलोच' आम्हाला माहीत आहे. मी पुठ्ठा छातीशी धरला, मापांची बाजू माझ्याकडं, आणि निघाले.

आणि काय सांगू! हातगाडीवाले, जे एरवी पायावरून चाक नेतात, ते थांबून वाट देऊ लागले. बांगड्यांच्या दुकानातल्या बाईंनी मान डोलावली. एकानं अंगठा वर केला. कॉलेजची चार-पाच पोरं मागून चालायला लागली. मला वाटलं, बाजारात सौजन्य वाढलंय!

पांढरी टोपी घातलेले एक आजोबा बाजूला आले. बोलणं सगळं कन्नडमध्ये झालं, तुम्हाला मराठीत सांगते.

"एकटीच निघालीस काय, अक्का?"

"नाही, वडील मागून येतायत."

"वडीलसुद्धा? वा! म्हणजे घरच्यांचा पाठिंबा आहे. कुठल्या दुकानापुढं?"

"ते समोरचं, टीव्हीचं. तिथं नाही जमलं तर पुढची दुकानंही घेणार."

"आणि त्यांनी नाही ऐकलं तर?"

मला वाटलं, घासाघीस करण्याबद्दल विचारतायत. छाती काढून म्हटलं, "का नाही ऐकणार? मनासारखं झाल्याशिवाय मी तिथनं हलणारच नाही!"

आजोबांनी टोपी सारखी केली. "चल, मीही येतो. या टीव्हीनं मलाही फार छळलंय. सून दिवसभर मालिका लावून बसते."

तेव्हा तरी शंका यावी की नाही? नाही आली!

दुकानाच्या काचेमागं ओळीनं टीव्ही लावलेले. सगळ्यांवर एकच चित्र, हिरवागार पोपट आणि कापलेलं संत्रं. मालक दारातच उभे होते. गोल चेहऱ्याचे, गोड हसणारे. पण मला बघून हात जोडून म्हणाले, "अक्का, आत या. बसून बोलू."

"आत नंतर," मी म्हटलं, "आधी मला सांगा, हे पोपट दाखवून तुम्ही लोकांना का भुलवता? घरी नेल्यावर दिसतो का असा पोपट कुणाला?"

"नाही!" मागून गर्जना झाली.

मी दचकले. वळून बघते तर ही गर्दी! वाटलं, सेल लागला असेल. पण तुम्हाला खरं सांगते, गर्दीचा असा आवाज एकदा कानात शिरला ना, की माणूस माणसात राहत नाही.

"इंच तिरके मोजून फसवता की नाही?"

"हौद्री!" म्हणजे, होय हो!

"इथं झगमगाट दाखवता, आणि घरी?"

"अंधार!" हे टोपीवाले आजोबा.

टाळ्या! कुणीतरी मोबाइल वर धरून शूटिंग करत होतं. मालकांचा चेहरा आता पोपटासारखाच हिरवा पडला होता.

"अक्का, तुमची मागणी काय, ती तरी सांगा."

साधी माणसं काय म्हणाली असती? त्रेचाळीस इंची द्या. मी मूठ वर केली. "मागणी एकच! सत्य!"

आणि खर्रर्र... शटर खाली!

त्यांचं बघून शेजारच्या मिक्सरवाल्याचं शटर खाली. त्याचं बघून पंखेवाल्याचं. मग मोबाइलवाल्याचं. गल्लीच्या टोकापर्यंत खर्रर्र, खर्रर्र, खर्रर्र! गर्दीनं शिट्ट्या मारल्या.  सगळी दुकानं बंद? उद्या फायनल! देसाई काका येणार, खोक्यासमोर बसून हसणार, आणि अप्पा? अप्पांनी उद्या भातच घेतला नाही तर?

मी शटर बडवायला लागले. "अण्णा, उघडा! उघडा की!"

मागून लोक, "बंद! बंद!"

"उघडा!"

"बंद!"

एवढ्यात गर्दीतून वाट काढत अप्पा आले. त्यांनी म्हणे एकाला विचारलं होतं, काय चाललंय. तो म्हणाला, कुणीतरी मुलगी टीव्हीविरुद्ध आंदोलन करतेय. अप्पांनी नाव विचारलं नाही. जन्मापासून ओळखतात ते मला.

ते सरळ माझ्यापाशी आले. माझ्या हातातला पुठ्ठा घेतला आणि वर्गात एखाद्या पोराची चुकलेली पाटी दाखवावी, तसा हळूच माझ्याकडं फिरवला.

लालभडक रंगात, वीतभर उंचीच्या कन्नड अक्षरांत लिहिलं होतं, 'तगोब्याड्री!' म्हणजे, घेऊ नका!

अक्षर माझंच. कॉलेजच्या मोहिमेतला फलक माझाच. मूळ घोषणा होती, 'गरज नसलेलं घेऊ नका!' त्यातली 'गरज नसलेलं' ही ओळ कापून मी घरी खाटेखाली सरकवून आले होते!

अप्पा शांतपणे म्हणाले, "पुठ्ठा सत्य सांगतो म्हणालीस नव्हं?"

धरणीमाता दुभंगायला तयार नव्हती, म्हणून मी शटरखालच्या फटीला तोंड लावलं. "अण्णा! मी आंदोलन नाही हो करत! मला टीव्ही पाहिजे!"

 आतून बारीक आवाज आला, "कुठला?"

"त्रेचाळीस इंची! एचडी!"

शटर वर गेलं. फार नाही, दोन गिऱ्हाइकं वाकून आत जातील एवढंच. धंदा तो धंदा!

आत मालकांनी स्वतः घाम पुसला आणि आम्हाला चहा दिला. पोपट बंद करून साधं चॅनेल लावून दाखवलं. मी पुठ्ठा टीव्हीवर ठेवला. तंतोतंत! बघा, त्याच्या मूळ कामात पुठ्ठ्यानं कसूर केली नव्हती.

पण खरा तमाशा बाहेर होता. लोक गेलेच नव्हते! नेता आत वाटाघाटी करतोय म्हणून उन्हात उभे. शटर उघडलं. आधी मी बाहेर आले. माझ्यामागं दोन माणसं. त्यांच्या खांद्यावर नवाकोरा टीव्ही.

शिट्ट्या मारणाऱ्यांची बोटं तोंडातच राहिली.

टोपीवाले आजोबा पुढं आले. टीव्हीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "हां. असं आहे तर. टीव्ही दिला आणि तोंड बंद केलं."

"मॅनेज झाली रे, मॅनेज झाली!" कॉलेजची पोरं ओरडली.

"आजोबा, तसं नाही हो! आम्ही विकत घेतलाय!"

"विकत कोण गेलं ते दिसतंय की!"

बांगड्यांच्या बाईंनी मान फिरवली. आणि हातगाडीवाल्यानं? त्यानं पायावरून चाक नेलं.

असो. रविवार उजाडला. टीव्ही शोकेसमध्ये असा बसला, जणू शोकेस त्याच्यासाठीच केलं होतं. सगळी मंडळी आली. अप्पा सोफ्याच्या मधोमध, रिमोट हातात. देसाई काका उशिरा आले, त्यांना दाराजवळचं स्टूल मिळालं. आणि चित्र! बॅट्समनच्या नाकावरचा घाम दिसत होता हो! अप्पा जागेवरूनच पाढे म्हटल्यासारखा मोठ्यानं स्कोअर वाचत होते. गरज नव्हती, सगळ्यांनाच दिसत होता. पण वाचत होते. आईनं माझ्याकडं बघितलं. मला अगदी भरून आलं.

डाव संपला. मधली सुट्टी झाली. देसाई काकांनी हात पुढं केला, "मास्तर, रिमोट द्या की जरा. बाकीची चॅनेलं कशी दिसतात बघू."

अप्पांनी मोठ्या मनानं दिला. काकांनी बटण दाबलं, दाबलं, आणि लागलं गावातलं केबलचं बातम्यांचं चॅनेल.

पडदाभर मी!

मूठ वर, केस विस्कटलेले, छातीवर 'तगोब्याड्री!' आणि खाली पट्टी पळतेय, 'टीव्हीविरुद्ध तरुणीचा एकाकी लढा!' लगेच दुसरं दृश्य. माझ्यामागून टीव्ही येतोय, आणि ऊन लागतं म्हणून तोच फलक मी डोक्यावर धरलाय. खाली पट्टी, 'आंदोलनाचं पुढं काय झालं?'

जुन्या खोक्यावर असतं तर जन्मदात्या आईनंही मला ओळखलं नसतं. इथं कुडत्यावरचा सकाळच्या पोह्यांच्या हळदीचा डागसुद्धा चमकत होता!

देसाई काका स्टुलावरून वळले. "काय गं, आमचा फ्रिज जुना झालाय. एक आंदोलन आमच्यासाठीही कर की!"

हशा असा, की शोकेसच्या काचा थरथरल्या. आईनं पदर तोंडाला लावला. मी अप्पांकडं बघितलं, म्हटलं, निदान हे तरी माझी बाजू घेतील.

अप्पा सोफ्यावर रेलून बसले होते. उठले नाहीत, वाकले नाहीत, चष्मासुद्धा सारखा केला नाही. समाधानानं मान हलवून म्हणाले,

"वा! इथनं, बसल्या जागेवरनं, अक्षर न् अक्षर वाचता येतंय. त... गो... ब्या... ड्री!"