सड्यावर ऐकू आलेली हाक

कोल्हापूरच्या स्टँडवर रत्नागिरीची गाडी लागली तेव्हा आण्णा माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होते.

"चपला घालून निघालीस व्हय? बूट कुठं हाईत?"

ट्रंकेत आहेत म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मला बँकेत नोकरी लागली याचं आईला कौतुक. आण्णांना काळजी एकच, तिकडं ही पळणार कुठं? साखर कारखान्यात कारकून होते ते, पण रोज पहाटे शाळेच्या मैदानावर उभे राहून मला पळवायचे. गाडी हलली तसे खिडकीबरोबर थोडं चालले आणि म्हणाले, "पळताना मागं बघायचं न्हाई. दम तुटतोय."

मैत्रिणींनो, तुम्ही सगळ्या कोल्हापुरातच राहिलात, म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. इथं सुरुवातीला माझ्या कोल्हापुरी बोलण्याला सगळे हसायचे. मुलगी असून "मी जातो, मी येतो" म्हणते, याची बँकेत फार गंमत वाटायची. मी गप्प राहायला शिकले. नंतर हळूहळू "जाते, येते" कधी म्हणायला लागले ते माझं मलाच कळलं नाही.

पळायला मात्र जागा मिळाली. गावाच्या वर सडा आहे, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. झाड नाही, घर नाही, नुसतं वाळलेलं गवत आणि खडबडीत कातळ. त्या कातळाने माझे कॅनव्हासचे बूट फाडून टाकले. बाजारात गेले तर दुकानदार म्हणाला, "ताई, लेडीजमध्ये सँडल दाखवतो की." पळायचे बूट हवेत म्हटल्यावर त्याने पोरांचे पीटीचे बूट काढले. मी आण्णांच्या पद्धतीने संध्याकाळीच गेले होते, कारण दिवसभरात पाय फुगलेला असतो. बूट वाकवून बघितला. बोटांच्या मुळाशी वाकायला हवा, तो मधेच वाकत होता. एकही जोड पसंत पडेना. शेवटी दुकानदाराने मुंबईच्या भावाकडून जाड रबरी तळव्याचे बूट मागवून दिले. ते घालून मी इथं थंडीत होणाऱ्या हौशी शर्यतीची तयारी सुरू केली. मांडवीच्या किनाऱ्यावरून निघायचं, चढ चढून सड्यावर यायचं, वळसा घेऊन परत खाली.

एका सकाळी सड्यावर दाट धुकं होतं. मी लयीत पळत होते आणि मागून आवाज आला, "खांदं सोड."

आण्णांचा आवाज. माझे खांदे खरंच आखडले होते. मी ते सैल सोडले आणि पळत राहिले. भीती वाटली नाही, याचीच आता जास्त भीती वाटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवाज आला, "चढ आलाय, पाऊल बारीक कर." तेही बरोबर होतं.

घरमालकीणकाकूंना सांगितलं तशी त्यांचा ताक घुसळणारा हात थांबला. "अगो, सड्यावर येते हो हाक कुणाकुणाला. आपल्या माणसाच्या आवाजात येते. लक्ष देऊ नकोस."

मी लक्ष दिलं नसतं. पण एका सकाळी त्या आवाजाने माझं नाव घेतलं, अगदी पाठीशी, आणि मी वळले. धुकं होतं, गवत होतं. गवत हलतसुद्धा नव्हतं. मी खूप वेळ उभी राहिले. आवाज पुन्हा आला नाही.

आण्णा गेले, असंच माझ्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने कोल्हापूरला निघाले. पालीला गाडी थांबली, लोक उतरून चहा प्यायले, मी जागची हलले नाही.

आण्णा पायरीवर शेंगा सोलत बसले होते. मी रडायलाच लागले. आई मला आत घेऊन गेली.

"बऱ्याच दिसांपास्नं असंच चाललंय," ती म्हणाली. "शेजाऱ्यांची नावं इसरत्यात, बाजारातनं घरचा रस्ता इसरत्यात. पण पहाटं मैदानावर जायचं इसरत न्हाईत. मोकळ्या मैदानाला वरडत्यात गं. लोक हसत्यात. तुला जिवाला घोर नको, म्हणून कळवलं न्हाई."

बाहेर येऊन मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले आणि नाराजीने म्हणाले, "काल मागं बघितलंस तू."

आईला वाटलं, हे आपले काहीतरी बरळतायत.

दोघांना रत्नागिरीला घेऊन आले. काकूंनी मागची खोली दिली. शर्यतीच्या दिवशी आण्णा मफलर गुंडाळून आईबरोबर सड्यावरच्या वळणाशी उभे राहिले. मी समोरून गेले तेव्हा ओरडले नाहीत, नुसते बघत होते. माझा नंबर आला नाही, पण शर्यत पुरी केली. धाप ओसरल्यावर त्यांना आणायला पुन्हा वर गेले. लोक पांगले होते. आण्णा तिथंच उभे होते, रस्त्यावर नजर लावून.

"आण्णा, चला. संपली शर्यत."

"थांब. तुझ्या मागं आणखी एक पोरगी हाय. ती यायची हाय अजून."

"कोण?"

"तुझ्यासारखीच दिसतीया. अनवाणी हाय."

रस्ता रिकामा होता. आईने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "बुटाचा पयला जोड घ्यायच्या आधी तू तशीच पळायचीस."

आण्णा पुढच्या पावसाळ्यात गेले. आई कोल्हापूरला परतली, मी इथंच राहिले. गाव कुठलं असं कुणी विचारलं तर आता रत्नागिरी म्हणते आणि म्हणताना अडखळत नाही. पण घर म्हटलं की मला ना ते मैदान आठवतं, ना ही खोली. ते वळण आठवतं. अजूनही अधूनमधून सकाळी तिथं थांबते आणि आण्णा बघत होते त्या बाजूला बघते. ती पोरगी पोचलेली नाही. वाटतं, आपणच तिला बोलवावं. पण तोंड उघडलं की इकडचेच शब्द येतात, आणि ते तिला कळतील असं वाटत नाही.