भिंगताईची वाळूची पिशवी

नाणं कसं धरायचं हे भिंगताईला वडिलांनी लहानपणीच शिकवलं होतं. दोन बोटं फक्त कडेला लावायची आणि दिव्याखाली ते सावकाश कलतं करायचं. जुन्या चांदीवर उजेड कसा सरकतो, हे बघून ती नाण्याची प्रत सांगायची. वडिलांच्या मागे दोघा भावंडांनी त्यांचं जुन्या नाण्यांचं दुकान चालवलं. धाकटा भाऊ पुढे गल्ल्यावर बसे, थोरली ताई मागच्या टेबलाशी. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं त्यानं, खरं बोलायचं हिनं, अशी वाटणीच होती.

मग तिचा उजवा हात कापायला लागला. आधी चहा बशीत सांडायचा, पुढे सही वाकडी यायला लागली. आणि एक दिवस गिऱ्हाइकाचं नाणं तिच्या बोटांतून निसटून फरशीवर आपटलं. कडेला पोचा आला. धाकट्यानं गिऱ्हाइकाला तसंच दुसरं नाणं दिलं आणि ताईला एका शब्दानं बोलला नाही. त्यापेक्षा चार शब्द बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

तो बोलला ते रात्री, दुकानाला कुलूप लावताना.

"ताई, आता घरी आराम कर. टेबलाशी दुसरं कुणीतरी बसवू."

"हात कापतोय रे, डोळे नाही कापत."

"पण नाणं हातातच धरायचं ना?"

यावर ताई गप्प बसली. ताई गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असा अर्थ मात्र त्या घरात आजवर कुणी काढला नव्हता.

तिनं डावा हात वापरून पाहिला. तो उजव्यापेक्षा अडाणी निघाला. धाकट्याला नाणं धरायला लावलं, तर तो ते गरागरा फिरवी. "अरे, नाणं आहे ते, भोवरा नव्हे!" असं ओरडून तिचा घसा बसला.

एका दुपारी दिवा पुसताना त्याची वाकणारी मान तिच्या हातून फिरली आणि टेबलावर पडलेल्या नाण्यावरून उजेड सरसर पुढे गेला. ताई फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. नाणं जागेवर होतं. हलला होता तो दिवा. मग नाणं हातात कशाला हवं? मऊ जागी थोडं कलतं टेकलं की झालं!

ती तडक गल्लीतल्या शिंपीकाकांकडे गेली. मखमलीची, तळहाताएवढी पिशवी हवी, आत बारीक चाळलेली वाळू.

"उशी कुणाची ही? उंदराची?" काकांनी विचारलं.

"नाण्यावरच्या राणीची," ताई म्हणाली. "दुहेरी टाका घाला."

काकांनी पिशवी स्वतः आणून दिली, आणि पाठोपाठ खिशातून एक डबीही काढली. त्यांना शिवण शिकवणाऱ्या उस्तादानं निरोप देताना दिलेलं चांदीचं नाणं होतं ते, एका राणीचा मुखडा असलेलं. नाणी जमवणाऱ्यांच्या प्रदर्शनात ते अव्वल प्रतीच्या खणात लागावं, एवढीच त्यांची हौस होती.

धाकटा वाकला. "कानावरचे केस सपाट झालेत, काका. झिजलंय."

"थांब," ताई म्हणाली. "काका, तुम्हीच ठेवा ते पिशवीवर. थोडं कलतं."

वाळूनं नाणं धरून ठेवलं. ताईनं डावा हात दिव्याच्या मानेवर ठेवला, भिंग डोळ्याच्या खोबणीत बसवलं आणि दिवा हळूहळू फिरवला. उजवा हात मांडीवर कापत होता, पण नाणं हलत नव्हतं. उजेडाचा पट्टा कपाळावरून निघाला, सपाट केसांवरून न तुटता गेला आणि मानेवर उतरला.

"झीज नाही. झिजलं असतं तर उजेड तिथं मेला असता. टाकसाळीतच ठसा हलका बसलाय."

धाकट्यानं स्वतः दिवा फिरवून पाहिलं. "खरंच की!"

काकांचा चेहरा खुलला. ताईनं मात्र दिवा आणखी खाली घेतला आणि नाणं पुन्हा एकदा निरखलं. ज्यांनी पिशवी शिवली, त्यांनाच हे सांगायचं होतं.

"काका, तुम्ही हे पुसता का हो?"

"दर रविवारी! मखमलीनं. उस्तादांची आठवण म्हणून."

"मुखड्याभोवतीच्या मोकळ्या जागेत केसासारखे ओरखडे आहेत, सगळे एकाच दिशेनं. अव्वल प्रत नाही म्हणता येणार. दुसरी."

"अहो, प्रेमानं पुसलं मी!"

"दिसतंय ना. एक रविवार चुकवलेला नाही तुम्ही. पण प्रत दुसरीच."

काकांनी डबी खाडकन मिटली. "मग द्या माझी पिशवी परत!"

"ती नाही मिळायची," ताई म्हणाली आणि पिशवीवर हात ठेवला.

"खरंच नाही मिळायची, काका," धाकटा म्हणाला. त्यानं तपासायच्या नाण्यांचा ट्रे गल्ल्यावरून उचलला, टेबलावर ठेवला आणि पहिलं नाणं कडेनं धरून हलकेच वाळूवर टेकवलं. "ताईला अजून एवढी बघायचीत."

"जरा डावीकडे कलव," ताई म्हणाली. "हळू."